अनुयोग आणि बाल : कौटिलीय अर्थशास्त्रांतील एका निषेधाचा विचार

अल्पवयी मुलाकडून अपराध घडला असतां त्यास दंड किती करावा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या धर्मशास्त्रग्रंथांत पुष्कळ आहे. परंतु त्याच्या अगोदरचा एक प्रश्न आहे, त्याकडे तितकें लक्ष पुरविलें जात नाहीं. तो प्रश्न असा : अपराध सिद्ध होण्यापूर्वीं, केवळ संशयावरून धरून आणलेल्या मुलास राजपुरुषांनीं प्रश्न कसे विचारावे, कोणासमक्ष विचारावे, आणि कोणतीं साधनें वापरूं नयेत? दंड हा निर्णयानंतरचा विषय आहे. चौकशी, म्हणजे संस्कृत ग्रंथकारांचा ‘अनुयोग’, हा निर्णयापूर्वींचा आहे. दंडांतली सवलत मुलाच्या पदरांत पडावयाची, ती तो चौकशींतून धडपणें बाहेर पडल्यावर. भयानें त्याच्या तोंडून जें वदवून घेतलें, तें एकदां खरें म्हणून धरलें गेलें म्हणजे पुढच्या सवलतीचा उपयोग थोडाच उरतो. म्हणून हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवूनच पाहिले पाहिजेत. तसें पाहिलें असतां आमचें मत असें झालें आहे कीं, मुलाच्या चौकशीसंबंधीं एक स्पष्ट निषेध कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. त्याची व्याप्ति सामान्यतः समजली जाते त्याहून एका अंगानें अधिक व दुसऱ्या अंगानें कमी आहे. आणि आपल्या देशाच्या अर्वाचीन कायद्यानें दंडाचा प्रश्न आधीं सोडविला व चौकशीचा प्रश्न फार उशिरां हातीं घेतला. तें मत साधार मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम दंडविषयक वचनें थोडक्यांत पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायावर टीका करितांना विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत एक स्मृतिवचन उद्धृत केलें आहे. त्याचा आशय असा कीं, पांच वर्षांहून मोठ्या व अकरा वर्षांहून लहान मुलाचें प्रायश्चित्त त्याच्या भावानें, बापानें किंवा स्नेह्यानें करावें. याहूनही लहान असेल तर त्यास अपराध नाहीं, पातक नाहीं, आणि राजदंडही नाहीं. सोळा वर्षांच्या आंतील मुलास अर्धें प्रायश्चित्त, हा नियमही तेथेंच आला आहे. नारदानें आठव्या वर्षापर्यंतच्या मुलास गर्भासारखा मानला असून पुढें सोळाव्या वर्षापर्यंत त्यास ‘पोगंड’ ही संज्ञा दिली आहे. त्यानंतर तो व्यवहार जाणणारा होतो. महाभारताच्या आदिपर्वांत आणिमांडव्य ऋषीनें घातलेली मर्यादा चौदा वर्षांची आहे. संख्यांत फरक असला तरी तत्त्व एक आहे : समज ही वयानें येते, व समजेच्या मानानें दोष लागतो. ही सर्व वचनें मात्र दोष, पाप, दंड व व्यवहाराची पात्रता यांविषयीं आहेत. चौकशी कशी करावी, याविषयीं तीं कांहींच बोलत नाहींत.

चौकशीविषयीं बोलतो तो कौटिल्य. अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हैसूर येथें र. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केला, व पुढें मुंबई विद्यापीठातर्फे र. पं. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति इ. स. १९६० पासून निघाली, हें वाचकांस विदितच आहे. या ग्रंथाच्या ‘कंटकशोधन’ नांवाच्या चौथ्या अधिकरणांतील आठवा अध्याय ‘वाक्यकर्मानुयोग’ या विषयाचा आहे. ‘वाक्य’ म्हणजे तोंडी प्रश्न. ‘कर्म’ म्हणजे शारीरिक यातना. चौकशी या दोन मार्गांनीं होत असे, असें त्या नांवावरूनच उघड होतें.

त्या अध्यायांतील तोंडी चौकशीचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्याची चोरी झाली तो फिर्यादी आणि बाहेरचे व आंतले साक्षीदार यांच्या समक्ष संशयितास त्याचा देश, जाति, गोत्र, नांव, धंदा, संपत्ति, सोबती व राहण्याचें ठिकाण हीं विचारावीं. त्याच्या उत्तरांची इतर माहितीशीं तुलना करावी. नंतर आदल्या दिवसाचें त्याचें हिंडणें-फिरणें व धरला जाईपर्यंतचा रात्रीचा मुक्काम विचारावा. उत्तरें जुळलीं तर तो शुद्ध. न जुळलीं तर ‘कर्मा’स पात्र. चोरीस तीन रात्री उलटल्यावर केवळ संशयावरून कोणास धरूं नये, कारण इतक्या दिवसांनंतर विचारण्यांत अर्थ राहत नाहीं, असेंही तो सांगतो. अपवाद एवढाच कीं, चोरीचें साधन आढळलें तर गोष्ट निराळी. जो चोर नाहीं त्यास चोर म्हणणाऱ्यास चोराइतकाच दंड सांगितला आहे. चौकशी चार लोकांसमक्ष व्हावी, ती वेळेंत व्हावी, व खोटा आळ घेणाऱ्यास जबाबदार धरावें, अशीं तीन तत्त्वें येथें दिसतात.

यानंतर निषेधाची यादी येते. कोणास ‘कर्म’ करवूं नये? ज्याचा अपराध क्षुल्लक आहे तो, बाल, वृद्ध, रोगी, मत्त, उन्मत्त, भुकेनें, तहानेनें किंवा वाटचालीनें थकलेला, अति जेवलेला, ज्यानें स्वतः होऊन कबूल केलें आहे तो, आणि दुर्बळ. गर्भिणीस व प्रसूतीनंतर महिना न झालेल्या स्त्रीसही कर्म वर्ज्य आहे; इतर स्त्रियांस अर्धें कर्म किंवा केवळ तोंडी चौकशी सांगितली आहे. ज्याच्याविषयीं दोषाचा बळकट संभव आहे त्यासच यातना द्यावी, हा सामान्य नियमही तेथेंच आहे.

या यादींतील ‘बाल’ शब्दाची मर्यादा कोणती, हा खरा वादाचा मुद्दा आहे. कोणी म्हणेल कीं, वृद्ध, रोगी व भुकेला यांच्या पंक्तीस बाल बसविला आहे, त्या अर्थीं येथें कोवळ्या शरीराचें लहान मूलच अभिप्रेत असावें. नारदाची आठ वर्षांची मर्यादा येथें लावावी. हा आक्षेप वरवर बळकट दिसतो, पण तो टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. एक तर ही यादी केवळ शारीरिक अशक्तपणाची नाहीं. क्षुल्लक अपराधी व स्वतः कबुली देणारा हे धडधाकट असूं शकतात. तरीही ते यादींत आहेत. दुसरें असें कीं, ग्रंथकाराचा शब्द त्याच्याच ग्रंथावरून लावावा, हा व्याख्येचा मान्य नियम आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत कौटिल्य सांगतो कीं, बालाचें द्रव्य गांवच्या वृद्धांनीं त्यास व्यवहार प्राप्त होईपर्यंत वाढवावें. म्हणजे त्याच्या मतें ‘बाल’पणाची सीमा व्यवहारप्राप्ति ही आहे. आणि व्यवहारप्राप्तीचें वय तिसऱ्या अधिकरणांत त्यानेंच दिलें आहे : स्त्रीस बारा वर्षें व पुरुषास सोळा. तेव्हां यातनेच्या निषेधांतील बाल हा सोळा वर्षांच्या आंतील मुलगा होय, हें अनुमान आम्हांस युक्त वाटतें. बारा वर्षांवरील मुलीस, ती बाल नसली तरी, स्त्री म्हणून सांगितलेली सवलत राहतेच. या एका अंगानें हा निषेध समजला जातो त्याहून विस्तृत आहे.

दुसऱ्या अंगानें मात्र तो संकुचित आहे, आणि हें सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाहीं. आपल्या प्राचीनांनीं सर्व कांहीं आधींच सांगून ठेविलें होतें, असें म्हणण्याची संवय आमच्या पिढींतील पुष्कळांस जडलेली आहे. या प्रकरणांत तसें म्हणतां येत नाहीं. बालास ‘कर्म’ वर्ज्य आहे, ‘वाक्य’ वर्ज्य नाहीं. मौन धरण्याचा अधिकार त्यास दिलेला नाहीं. आईबाप किंवा पालक जवळ असावा, असेंही म्हटलेलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्यांस यातना वर्ज्य आहे अशांच्या बाबतींत काय करावें, तेंही ग्रंथकार पुढें सांगतो : त्यांच्यासारख्याच वृत्तीचे लोक, कुलटा स्त्रिया, कथा सांगणारे, उतरावयास जागा देणारे व जेवूं घालणारे यांच्याकरवीं त्यांचा थांग काढावा, व अशा रीतीनें त्यांस फसवावें. म्हणजे दंडुक्यापासून बालाचें रक्षण झालें, पण कपटापासून झालें नाहीं. शिवाय त्याच अध्यायांत दंडुके, चाबूक, वर टांगणें व पाण्याची नळी अशा यातनांची तपशीलवार गणना आहे, आणि वर्णपरत्वें भेदही आहे. हें सर्व एकाच पानावर आहे. निषेध तेवढा उचलून बाकीचें झांकून ठेवणें संशोधकास शोभत नाहीं.

तरीही त्या निषेधामागें एक विचार आहे, आणि तो कालबाह्य झालेला नाहीं. याच अध्यायांत कौटिल्य म्हणतो कीं, चोर नसलेला मनुष्यही कधीं योगायोगानें चोरांच्या वाटेवर सांपडतो. त्याचा वेष, शस्त्र किंवा जिन्नस चोरासारखे असतात. किंवा तो चोरीच्या मालाजवळ उभा असतो. आणि मग धरला जातो. उदाहरण म्हणून तो आणिमांडव्याचें नांव घेतो. तो चोर नव्हता, परंतु यातनेच्या भयानें त्यानें ‘मी चोर आहें’ असें म्हटलें. म्हणून पुरावा पुरा झाल्यावरच निग्रह करावा, असा निष्कर्ष कौटिल्य काढतो.

येथें एक पाठगत गंमत आहे, तिजकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. महाभारतांतील मांडव्य कबुली देत नाहीं. तो आश्रमाच्या दाराशीं मौनव्रत धरून उभा असतो; चोर लूट घेऊन त्याच्या आश्रमांत लपतात; रक्षक येऊन विचारतात, आणि तो एक शब्दही बोलत नाहीं. चोर व माल तेथेंच सांपडल्यामुळें रक्षकांस त्याचाही संशय येतो, व राजा त्यास सुळीं देववितो. म्हणजे एका परंपरेंत निरपराध्याचा घात त्याच्या बोलण्यानें झाला, तर दुसरींत न बोलण्यानें. कौटिल्यापुढें निराळी कथापरंपरा होती, कीं आपल्या मुद्द्यासाठीं त्यानें कथा तशी वळविली, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी दोहोंचा मिळून अर्थ स्पष्ट आहे : चौकशींत सांपडलेल्या मनुष्याची वाचा व त्याचें मौन, दोन्ही त्याच्याविरुद्ध लावतां येतात.

महाभारतांतील कथा याहून पुढें जाते, आणि तोच भाग प्रस्तुत विषयास लागू आहे. सुळाचें टोंक अंगांत घेऊन फिरणारा मांडव्य धर्मराजाकडे जातो व हें कोणत्या कर्माचें फळ, असें विचारतो. तूं पतंगांच्या शेपटांत काडी खुपसली होतीस, असें उत्तर मिळतें. लहान अपराधास एवढी मोठी शिक्षा, म्हणून मांडव्य धर्मास शूद्रयोनींत जन्म घेण्याचा शाप देतो, व त्यावरून विदुराचा जन्म होतो. त्याच वेळीं तो चौदा वर्षांपर्यंत पातक नाहीं, ही मर्यादा घालतो. तीवरूनच तें कृत्य बाळपणचें होतें, हें ध्यानांत येतें. ज्याच्यावर चौकशींत अन्याय झाला, त्याच्याच तोंडीं मुलांच्या दोषाची मर्यादा घातलेली आहे. दंडाचा प्रश्न व चौकशीचा प्रश्न हे दोन्ही या एका कथेंत एकत्र आले आहेत. शास्त्रकारांनीं मात्र ते वेगळे होऊं दिले.

या दोहोंस जोडणारा दुवा याज्ञवल्क्यांत आढळतो. कोणाचा व्यवहार सिद्ध होत नाहीं, हें सांगतांना त्यानें मत्त, उन्मत्त, आर्त व व्यसनी यांच्या जोडीस बाल व भीत हीं दोन पदें एकाच समासांत शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. मनूनें दुसरा साक्षी नसेल तेव्हां बालाची साक्ष चालेल असें म्हटलें असून, त्याची वाणी स्थिर नसते, हें ध्यानांत ठेवावयास सांगितलें आहे. भ्यालेल्या मुलाचें बोलणें हें दोन कारणांनीं दुबळें प्रमाण आहे, असा या दोहोंचा सारांश काढतां येईल.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. मद्रास इलाख्यांतील यातनांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या आयोगाचा अहवाल इ. स. १८५५ मध्यें बाहेर आला, व महसूल आणि पोलीस या दोन्ही खात्यांत छळाचा वापर होतो, हें सरकारदरबारीं नोंदलें गेलें. पुढें इ. स. १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यांत पोलिसांपुढील कबुली पुराव्यांत घेऊं नये, असा नियम आला, व तोच इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत २५ व २६ या कलमांनीं कायम झाला. मात्र २७ व्या कलमानें, कबुलीवरून माल किंवा वस्तु सांपडली तर तेवढा भाग ग्राह्य ठरविला. आणि २९ व्या कलमानें, अन्यथा ग्राह्य असलेली कबुली केवळ फसवून मिळविली एवढ्यावरून अग्राह्य होत नाहीं, असें सांगितलें. कौटिल्याचा अपवाद व त्याचें कपट हीं दोन्ही येथें ओळखूं येतात. हे नियम इ. स. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही राखलेले आहेत. तो कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आहे.

मुलांच्या दंडाचा प्रश्न इ. स. १८६० च्या दंडसंहितेनें ८२ व ८३ या कलमांत सोडविला : सात वर्षांच्या आंत अपराध नाहीं; सात ते बारा वर्षांपर्यंत समज पुरेशी नसेल तर अपराध नाहीं. शिक्षा झालेल्या मुलांस कैदखान्याऐवजीं सुधारशाळेंत ठेवण्याचे कायदे इ. स. १८७६ व १८९७ मध्यें झाले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा इ. स. १८५७ पासूनची आहे. मुलांसाठीं स्वतंत्र कायदे मद्रासेंत इ. स. १९२०, बंगालांत १९२२ व मुंबई इलाख्यांत १९२४ मध्यें आले. यांपैकीं बहुतेकांचा रोख न्यायालय, शिक्षा व पुढील संगोपन यांकडे होता. पोलीस चौकींतल्या पहिल्या कांहीं तासांत मुलाशीं कसें वागावें, हा प्रश्न मागेंच राहिला. इ. स. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६० व्या कलमांत, पंधरा वर्षांखालील मुलास साक्षीसाठीं त्याच्या राहत्या जागेवांचून अन्यत्र बोलावूं नये, असें बंधन पोलिसांवर आहे. तें आजच्या संहितेंतही चालू आहे. पण तें साक्षीदारापुरतें झालें. संशयिताचें काय?

त्याचें उत्तर इ. स. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमांत व त्याखालील इ. स. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत मिळतें. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडींत किंवा तुरुंगांत कोणत्याही परिस्थितींत ठेवूं नये, त्यास विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावें, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें हजर करावें, आईबापांस कळवावें, बेडी घालूं नये, बळजबरी करूं नये, अपराध कबूल करावयास भाग पाडूं नये, पोलीस ठाण्याचा भास होणार नाहीं अशा जागींच बोलावें, पालकांस जवळ बसूं द्यावें, कोणत्याही जबाबावर मुलाची सही मागूं नये, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास कळवावें. कौटिल्यानें ‘कर्म’ तेवढें वर्ज्य केलें होतें. येथें ‘वाक्या’सही मर्यादा आली आहे, आणि ती येण्यास १८६० पासून दीडशें वर्षें लागलीं. आमच्या मतें प्राचीन व अर्वाचीन यांतील खरा भेद हाच आहे. जुन्या निषेधांत राजपुरुषास संयम सांगितला होता. नव्या नियमांत मुलास अधिकार दिला आहे. संयम राजपुरुषाच्या मर्जीवर राहतो. अधिकार मागतां येतो. पण तो मागावयास कोणास तरी ठाऊक असावा लागतो, व ज्याच्या घरीं कोणास अक्षर येत नाहीं, त्या मुलाच्या बाबतींत अडचण येते ती येथेंच.

वयाची सिद्धता ही दुसरी अडचण आहे, आणि ती संग्राहकांच्या परिचयाची आहे. सर्व अधिकार अठरा वर्षें या एका आंकड्यावर उभे आहेत. शिवाय सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असेल, तर त्यास प्रौढाप्रमाणें चालवावें कीं काय याची प्राथमिक पारख मंडळानें करावयाची असते. तेव्हां कौटिल्याचीं सोळा वर्षें आजही महत्त्वाचीं आहेत. वय ठरविण्यासाठीं कायदा प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचें प्रमाणपत्र पाहतो, तें नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला, व तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. जन्मपत्रिकेस या क्रमांत स्थान नाहीं. आपल्याकडे ज्यांची खरी तारीख घरच्यांस सांगतां आली नाहीं, अशा कित्येक मुलांच्या नांवापुढें शाळेच्या पटावर एक जून ही तारीख घातली जात असे, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. अंदाजानें लिहिलेल्या अशा एका ओळीवर मुलगा कोठडींत जाणार कीं नाहीं, हें ठरूं शकतें. पटावरील तारीख लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. मराठी व्यवहारांत अल्पवयी मुलास ‘अज्ञान’ व प्रौढास ‘सज्ञान’ म्हणतात. नारदाच्या ‘व्यवहार जाणणारा’ या कल्पनेशीं हे शब्द जवळचे आहेत. जुन्या दप्तरांत जबान्या, तकरिरी, करीने, जामीनकतबे व दिव्यांचे कागद आहेत. दिव्यांत बालास केवळ तुला सांगितली आहे, असें याज्ञवल्क्य म्हणतो. प्रत्यक्षांत काय होत असे, तें या कागदांवरूनच कळावयाचें. ज्यांच्या संग्रहीं असा एखादा कागद असेल, त्यांनीं त्यांत जबानी देणाराचें वय, त्याच्या बाजूनें कोण उभा राहिला, व त्याची निशाणी घेतली कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी पाहून त्या नकलून पाठवाव्या. इनामाच्या व वतनाच्या कागदांस जितकी किंमत आपण देतों, तितकीच एखाद्या अज्ञान मुलाच्या चार ओळींच्या जबानीस द्यावी, असें आमचें सांगणें आहे.